प्राण्यांतील भयसूचक रंग व अनुकृती : नैसर्गिक निवडीचा पुरावा

प्राणिसृष्टीतील रंगांचे निरीक्षण केले असता दोन परस्परविरोधी प्रवृत्ती ध्यानात येतात. बहुसंख्य दुर्बळ प्राणी आपला देह परिसरात दडविण्याचा यत्न करतात. वाळक्या पानासारखे दिसणारे फुलपाखरू, काटकीसारखा कीटक, गवताच्या रंगाचा नाकतोडा ही याची परिचित उदाहरणे होत. याउलट काही प्राणी लाल, पिवळा, काळा अशा भडक रंगांनी नटलेले असून ते उघड्यावर, संथपणे आणि निर्धास्तपणे वावरतात. ज्या जगात भक्षकाच्या दृष्टीस पडणे म्हणजे बहुधा मरण, तेथे असे मिरविणे कसे परवडते? आणि ज्यांच्या अंगी विष नाही, चव कडू नाही, असे काही निरुपद्रवी जीवही हुबेहूब तोच भडक वेष का धारण करतात? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून डार्विनप्रणीत नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताला आरंभीच्या काळातील सर्वांत बळकट पुरावा लाभला. दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या पुराव्याची कसून परीक्षा चालू आहे. या परीक्षेचा वृत्तान्त पुढे दिला आहे.

भडक रंगांचे प्रयोजन

प्राण्यांमधील झगमगीत रंगांचा उगम लैंगिक निवडीत असावा, म्हणजे जोडीदारास आकर्षून घेण्यासाठी ते निर्माण झाले असावेत, असे डार्विनचे मत होते. परंतु काही सुरवंटांचे रंग अत्यंत भडक असतात आणि सुरवंट ही तर प्रजननापूर्वीची अवस्था होय. तेथे जोडीदाराचा प्रश्नच उद्भवत नाही. ही अडचण डार्विनने १८६७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस याच्यापुढे मांडली. वॉलेसने सुचविलेले उत्तर असे : सुरवंटाची त्वचा इतकी नाजूक असते की पक्ष्याची चोच एकदा लागली तरी तो वाचणे कठीण. तेव्हा केवळ बेचव असून त्याचे भागत नाही. आपण बेचव आहोत हे चोच लागण्यापूर्वीच, दुरून कळविणे त्यास हितावह ठरते. भडक रंग हा अशा रीतीने भक्षकास दिलेला इशारा होय.

या कल्पनेचा मोठा गुण असा की, तिची प्रत्यक्ष परीक्षा करता येत होती. जॉन जेनर वीअर याने आपल्या पक्षिगृहातील पक्ष्यांपुढे निरनिराळे सुरवंट ठेवून पाहिले व आपले निष्कर्ष १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. साध्या, लपणाऱ्या रंगांचे सुरवंट पक्ष्यांनी आवडीने खाल्ले, तर भडक रंगांचे बहुतेक सुरवंट नाकारले. पुढे १८९० मध्ये एडवर्ड पोल्टन याने प्राण्यांच्या रंगांवरील आपल्या ग्रंथात या प्रकारास शास्त्रीय संज्ञा दिली. मराठीत त्यास ‘भयसूचक रंग’ म्हणता येईल.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इशारा देणाऱ्या प्राण्याच्या ठायी कोणताही हेतू असावा लागत नाही. पक्षी अनुभवाने शिकतो. एकदा तोंड कडू झाले म्हणजे तो रंग त्याच्या स्मरणात राहतो. जो वेष लवकर ओळखता येतो आणि सहजी विसरत नाही, त्या वेषाचे जीव अधिक वाचतात व त्यांची संतती वाढते. निवड करणारा पक्षी असतो. आपण निवड करीत आहोत हे त्यास ठाऊक नसते.

बेट्सचे निरीक्षण

हेन्री वॉल्टर बेट्स हा १८४८ मध्ये वॉलेससह ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेला व तेथे त्याने अकरा वर्षे कीटकसंग्रहात घालविली. त्या अरण्यांत लांबट पंखांची, चटकदार रंगांची, संथ उडणारी काही फुलपाखरे विपुल आढळत. पक्षी त्यांच्या वाटेस जात नसत. त्यांच्याच थव्यांत बेट्सला तुरळक अशी काही निराळी फुलपाखरे दिसली. हातात घेऊन पायांची व पंखांतील शिरांची रचना तपासल्यावर ती सर्वस्वी भिन्न कुळातील, म्हणजे आपल्याकडील सामान्य पांढऱ्या फुलपाखरांच्या कुळातील निघाली. त्यांनी आपल्या कुळाचा पांढरा वेष टाकून परक्यांचा वेष घेतला होता. विशेष म्हणजे प्रदेश बदलला की विपुल जातीचा वेष बदले आणि त्याबरोबर त्या तुरळक जातीचा वेषही बदलत जाई.

हा निबंध बेट्सने १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला व तो १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुचकर जातीने बेचव जातीचे रूप घ्यावे या प्रकारास तेव्हापासून ‘बेट्सची अनुकृती’ म्हणतात. ज्याची नक्कल होते तो ‘आदर्श’ आणि नक्कल करणारा तो ‘अनुकारक’. डार्विनचा प्रमुख ग्रंथ त्यापूर्वी तीनच वर्षे, १८५९ मध्ये, प्रकाशित झाला होता आणि त्यास ठोस उदाहरणांची निकड होती. बेट्सच्या निबंधाचे त्याने मनःपूर्वक स्वागत केले, यात नवल नाही.

कढीलिंबावरील बहुरूपी

अनुकृतीचे एक अत्यंत सखोल अभ्यासलेले उदाहरण पाहण्यास ॲमेझॉनपर्यंत जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील परसात कढीलिंब, लिंबू वा बेल असेल तर त्यावर ‘पॅपिलिओ पॉलिटीस’ या फुलपाखराची अळी आढळण्याचा संभव असतो. इंग्रजीत यास ‘कॉमन मॉर्मन’ म्हणतात. याचा नर काळा असून मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असते. मादी मात्र एकाच रूपाची नसते. काही माद्या नरासारख्याच दिसतात. काहींच्या मागील पंखांवर मध्यभागी पांढरे व कडेला तांबडे ठिपके असतात. त्या ‘कॉमन रोझ’ या फुलपाखरासारख्या भासतात. आणखी काहींच्या काळ्या पंखांवर किरमिजी ठिपक्यांच्या रांगा असतात. त्या ‘क्रिमझन रोझ’सारख्या दिसतात. एका नरास अनेक प्रकारच्या ‘भार्या’ यावरूनच, बहुपत्नीत्वासाठी ख्यात असलेल्या पंथाचे नाव या फुलपाखरास विनोदाने पडले. मराठीत त्यास बहुरूपी म्हणणे सर्वथा उचित होय.

ज्यांचे रूप घेतले जाते ती दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे पक्ष्यांना अप्रिय आहेत. त्यांच्या अळ्या सापसंद अथवा ईश्वरी या वेलीवर व तिच्या गोतावळ्यातील वनस्पतींवर वाढतात. या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ले नावाची विषारी द्रव्ये असतात. अळी ती पचवून आपल्या शरीरात साठविते आणि हा साठा पुढे फुलपाखरातही उतरतो. कढीलिंबाच्या पानांवर पोसलेल्या बहुरूप्याच्या अंगी असे काही नसते. त्याचे संरक्षण केवळ वेषात असते.

एकेकाळी या रूपांना भिन्न जाती समजून भिन्न नावेही देण्यात आली होती. ती सर्व एकाच जातीची रूपे होत, हे वॉलेसने १८६५ मध्ये मलाया द्वीपसमूहातील फुलपाखरांवरील निबंधात प्रतिपादिले. जे. सी. एफ्. फ्रायर याने सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, या फुलपाखरांची पैदास करून १९१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच मादीच्या संततीत भिन्न रूपांच्या माद्या निपजतात, नर आपल्या अंगी न दिसणारे रूप कन्येस देऊ शकतो, आणि ही रूपे मेंडेलच्या नियमांनुसार संक्रमित होतात, असे त्यातून निष्पन्न झाले.

अन्य स्पष्टीकरणांची परीक्षा

साम्य दिसले म्हणजे निवड सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही. साम्याची अन्य कारणेही संभवतात व त्यांचा क्रमाने विचार करणे आवश्यक आहे.

पहिले कारण रक्ताच्या नात्याचे. निकटचे आप्त एकमेकांसारखे दिसतात हे खरे. परंतु बहुरूप्याची नरासारखी मादी ही अनुकारक मादीची सख्खी बहीण असूनही तिच्यासारखी दिसत नाही, आणि अनुकारक मादी दूरच्या ‘रोझ’सारखी दिसते. शिवाय हे साम्य वरवरचे असते. ‘रोझ’ फुलपाखरांचे अंग तांबडे असते. अनुकारक मादीचे अंग काळेच राहते. अळी, कोष, खाद्यवनस्पती यांत तर साम्याचा लवलेश नाही. जे उडत्या फुलपाखराकडे पाहणाऱ्या डोळ्यास दिसते, तेवढ्यापुरतेच हे सादृश्य असते.

दुसरे कारण हवामानाचे. एकाच प्रदेशातील ऊन, पाऊस व आर्द्रता यांमुळे रंग सारखे होत असतील, ही शंका बेट्सच्या काळीच निघाली होती. परंतु तेच ऊन व तोच पाऊस नरावरही पडतो आणि नरासारख्या मादीवरही. त्यांचे रूप मात्र पालटत नाही.

तिसरे कारण निव्वळ योगायोगाचे. योगायोगाने दोन जाती सारख्या दिसू लागतील. पण आदर्श जेथे असेल तेथेच अनुकारक असावा, असा आग्रह योगायोग धरीत नाही. ‘क्रिमझन रोझ’ हे प्रामुख्याने भारत व श्रीलंका येथील फुलपाखरू आहे. त्याच्यासारखी दिसणारी बहुरूप्याची मादी याच भूभागात आढळते. अधिक पूर्वेस बहुरूपी विपुल आहे. तथापि हा आदर्श तेथे नाही आणि हे रूपही नाही. जपानच्या दक्षिणेकडील मियाको बेटावर तर याची जणू नैसर्गिक परीक्षाच झाली. तेथे बहुरूपी पूर्वीपासून होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘कॉमन रोझ’ नव्याने येऊन तेथे स्थायिक झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत अनुकारक माद्यांचे प्रमाण वाढत गेल्याचे दिसून आले. निवडीच्या सिद्धान्तावरून हेच अपेक्षित होते. इतर कोणत्याही कल्पनेवरून ते अपेक्षित नव्हते.

अनुकारकाची संख्या हाही एक निकष होय. नक्कल करणारे वाढले तर पक्ष्यास वारंवार रुचकर घास मिळू लागेल आणि वेषाचा धाक ओसरेल. खोट्या नाण्याचे चलन खऱ्या नाण्यांच्या विपुलतेवर अवलंबून असते, तसाच हा प्रकार आहे. एका आदर्शाची नक्कल फार झाली की दुसऱ्या आदर्शाची नक्कल करणाऱ्या माद्यांना लाभ होतो. एकाच जातीत अनेक रूपे टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

पनेट आणि फिशर यांचा वाद

सिद्धान्तावरील सर्वांत गंभीर आक्षेप आनुवंशिकीच्या बाजूने आला. केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी १९१५ मध्ये अनुकृतीवर ग्रंथ लिहिला व त्यात फ्रायरच्या प्रयोगांचा आधार घेतला. त्यांचा युक्तिवाद असा : ही रूपे एक-दोन आनुवंशिक घटकांनी ठरतात आणि त्यांमध्ये मधल्या पायऱ्या दिसत नाहीत, अर्थात हे साम्य एकाच उत्परिवर्तनाने, एका उडीत, पूर्णावस्थेत प्रकट झाले असावे. तसे असल्यास निवडीने ते घडविले असे म्हणता येत नाही. निवडीने फार तर ते राखले.

रोनाल्ड फिशर यांनी १९२७ मध्ये व पुढे १९३० च्या आपल्या ग्रंथात यास उत्तर दिले. कळ एक असते म्हणून यंत्रही एकाच भागाचे असते असे नाही. आरंभी एखादे उत्परिवर्तन ढोबळ साम्य निर्माण करील. मागाहून इतर लहानसहान बदल निवडीने साचत जाऊन ते साम्य रेखीव होईल. आज दिसणारी कळ ही त्या दीर्घ इतिहासाच्या शेवटचा दुवा असू शकेल. सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी आफ्रिकेतील ‘पॅपिलिओ डार्डेनस’ या फुलपाखराच्या दूरदूरच्या वंशांचा संकर करून पाहिला तेव्हा संततीतील अनुकृती विसकटलेली आढळली. आदर्श ज्या वंशाच्या सहवासात नव्हता, त्याच्या आनुवंशिक सामग्रीत ते रूप रेखीवपणे उमटत नव्हते. बहुरूप्याविषयीही याच दोघांनी १९७२ मध्ये दाखविले की, मादीचे रूप एकाच स्थानावरील घटकांनी ठरते.

त्या स्थानी नेमके काय आहे, हे कळण्यास आणखी चार दशके लागली. कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये ते स्थान निश्चित केले. तेथे परस्परांस चिकटून असलेल्या अनेक जनुकांचा समूह असावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक निघाले. कीटकांत नर व मादी यांचे देहभेद घडविणे हे या जनुकाचे जुने कार्य होय. अनुकृती केवळ मादीत का प्रकटते, याचाही उलगडा त्यामुळे सुकर होतो. मात्र अनुकारक व साध्या रूपांच्या जनुकांत एकच फरक नसून पुष्कळ फरक साचलेले आढळले. शिवाय गुणसूत्राचा तो तुकडा उलटा झालेला असल्याने दोन्ही प्रतींमधील देवाणघेवाण रोखली जाते आणि म्हणूनच मधली रूपे निपजत नाहीत. पुढल्या वर्षी, २०१५ मध्ये, जपानी संशोधकांनी अनुकारक मादीच्या पंखात हे जनुक निष्क्रिय केले असता तेथील नक्षी साध्या रूपाकडे वळल्याचे दाखविले. सारांश, एकच कळ असते हे पनेट यांचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले. परंतु त्यावरून त्यांनी काढलेला एका उडीचा निष्कर्ष टिकला नाही.

पक्ष्यांची साक्ष

हा सर्व विचार एका गृहीतावर उभा आहे : भक्षक शिकतो आणि फसतो. याची प्रयोगाने खातरजमा होणे अगत्याचे होते. जेन व्हॅन झँट ब्राउअर यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील ‘मोनार्क’ व त्यासारखे दिसणारे ‘व्हाइसरॉय’ ही फुलपाखरे पिंजऱ्यातील जे पक्ष्यांपुढे ठेवली. मोनार्कची चव घेतलेले पक्षी व्हाइसरॉयही टाळू लागले. ज्यांना तो अनुभव नव्हता त्यांनी व्हाइसरॉय बहुधा खाल्ले. मोनार्कची अळी रुईच्या गटातील विषारी वनस्पतींवर वाढते. कोबीच्या पानांवर वाढविलेले मोनार्क मात्र पक्ष्यांना बाधले नाहीत, असे १९६७ मध्ये दिसून आले. विषाचा उगम वनस्पतीत आहे हे त्यावरून निश्चित झाले.

मुक्त निसर्गातील एक परीक्षा २००१ मध्ये अमेरिकेत झाली. तेथील विषारी प्रवाळसर्पाच्या अंगावर तांबडी, पिवळी व काळी वलये असतात आणि काही बिनविषारी सापही तशाच वलयांचे असतात. संशोधकांनी मऊ पदार्थाचे कृत्रिम साप करून रानात ठेवले, जेणेकरून हल्ल्याच्या खुणा त्यांवर उमटतील. प्रवाळसर्पाच्या प्रदेशात वलयांकित प्रतिकृतींवर हल्ले कमी झाले. जेथे प्रवाळसर्प नाहीत तेथे त्या वेषाने संरक्षण दिले नाही.

समान वेषाचा समान लाभ

काही ठिकाणी दोन्ही जाती बेचव असूनही एकच वेष धारण करतात. बेट्सला हे कोडे पूर्णतः उलगडले नव्हते. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेला जर्मन निसर्गाभ्यासक फ्रिट्झ म्युलर याने १८७९ मध्ये ते साध्या गणिताने सोडविले. समजा, एका बेचव जातीची संख्या २,००० व दुसरीची १०,००० आहे आणि अननुभवी पक्षी एक वेष ओळखू लागेपर्यंत १,२०० फुलपाखरे मारतात. वेष भिन्न असल्यास प्रत्येक जातीस १,२०० जीव गमवावे लागतील. वेष एक झाल्यास ही हानी संख्येच्या प्रमाणात वाटली जाऊन पहिलीची २०० व दुसरीची १,००० होईल. म्हणजे पहिलीचे १,००० जीव, अर्थात निम्मी संख्या, वाचली. दुसरीचे २००, म्हणजे शेकडा २, वाचले. लाभ दोघींना झाला, पण विरळ जातीस तो पंचवीस पटींनी अधिक झाला. संख्येचे गुणोत्तर पाच असता लाभाचे गुणोत्तर त्याच्या वर्गाइतके भरते.

दक्षिण अमेरिकेतील ‘हेलिकोनियस’ फुलपाखरे हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जेम्स मॅलेट व निकोलस बार्टन यांनी पेरू देशात एका वंशाची फुलपाखरे शेजारच्या वंशाच्या प्रदेशात सोडली व त्यांची नोंद ठेवली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार परक्या वेषाची फुलपाखरे स्थानिक वेषाच्या फुलपाखरांहून फार कमी टिकली. नैसर्गिक निवड येथे प्रत्यक्ष मोजली गेली.

सहविकास

अनुकृतीची मुळे अशा रीतीने वनस्पतीपर्यंत पोहोचतात. पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ मध्ये फुलपाखरे व वनस्पती यांच्या परस्परसंबंधांवर निबंध लिहिला, तेव्हापासून ‘सहविकास’ ही संज्ञा रूढ झाली. वनस्पती विष निर्माण करते. बहुतेक कीटक तिजपासून दूर राहतात. एखादा वंश ते विष पचविण्यास समर्थ होतो व त्यास प्रतिस्पर्धी नसलेले खाद्य लाभते. मग वनस्पतीत नवा बचाव निवडला जातो. हेलिकोनियसच्या अळ्या कृष्णकमळाच्या कुळातील वेलींवर वाढतात. ज्या वेलीवर आधीच अंडी आहेत ती वेल मादी टाळते, कारण तेथे तिच्या अळ्यांना धोका असतो. या कुळातील काही वेलींवर अंड्यांसारखे दिसणारे पिवळे उंचवटे येतात. अशा उंचवट्यांमुळे मादी तेथे अंडी घालण्यास कचरते, हे १९८१ मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले. येथे अनुकारक वनस्पती आहे आणि फसणारे फुलपाखरू.

तथापि ‘सहविकास’ हा शब्द जपून वापरणे इष्ट होय. अनुकारक आदर्शाच्या मागे धावतो हे सिद्ध झाले तरी आदर्शही अनुकारकामुळे बदलला, हे आपोआप सिद्ध होत नाही. उभय पक्षी बदल दाखविता आले तरच तो सहविकास. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील ‘टॅरिका’ न्यूट हा उभयचर आपले नारिंगी पोट उघडे करून इशारा देतो आणि त्याच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असते. त्यास खाणाऱ्या ‘गार्टर’ सर्पाच्या स्नायुपेशींतील सोडियम-मार्गांत असे बदल झाले आहेत की ते विष त्यास फारसे बाधत नाही. अनेक ठिकाणी जेथे न्यूट अधिक विषारी, तेथे सर्पही अधिक प्रतिकारक्षम आढळतात. उभय पक्षांचा पुरावा येथे उपलब्ध आहे.

उपसंहार

पाठ्यपुस्तकांतून बेट्सच्या अनुकृतीचा नमुना म्हणून दीर्घकाळ सांगितले गेलेले व्हाइसरॉय फुलपाखरू स्वतःही बेचव आहे, असे १९९१ मध्ये पक्ष्यांवरील प्रयोगांत आढळून आले. ते आदर्शाचा निव्वळ ठक नसून बहुधा भागीदार ठरते. या दुरुस्तीने सिद्धान्तास बाध येत नाही, कारण बेट्स व म्युलर या दोघांच्याही स्पष्टीकरणांचा पाया पक्ष्याच्या शिकण्यातच आहे. परंतु केवळ दिसण्यावरून प्रकार ठरवू नये, चव, संख्या व स्थान यांची परीक्षा करावी, हा धडा त्यातून मिळतो.

ही परीक्षा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. बहुरूप्याच्या तिन्ही रूपांच्या माद्या आणि दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे यांची एकाच ठिकाणी महिनोमहिने गणना केली, तर आदर्श व अनुकारक यांचे प्रमाण ऋतूनुसार कसे पालटते हे पाहता येईल. त्यासाठी मोठ्या उपकरणांची गरज नाही. नियमित नोंद पुरेशी आहे. मात्र एक अट आहे. कढीलिंब परसात लावला जातो, सापसंदाची वेल क्वचितच लावली जाते. झाडोरा साफ करताना ती बहुधा प्रथम उपटली जाते. वेल गेली की ‘रोझ’ जाईल, आणि पक्ष्यांना धडा शिकविणारा आदर्शच उरला नाही की बहुरूप्याच्या तांबड्या ठिपक्यांचा धाकही उरणार नाही. एका वेषाच्या अभ्यासात अशा रीतीने वेल, अळी, पक्षी व फुलपाखरू या सर्वांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.